पंख्यांमागचा वारा

४ मार्च, मंगळवार

पहिल्याच दिवशी डोकं फिरलंय, म्हणून ही वही उघडली. ताई म्हणते, माणसांवर ओरडण्यापेक्षा कागदावर ओरडत जा. ठीक आहे. ओरडते.

मामांनी ट्रेलर थेट झाडाखालून आणला. मामा म्हणजे आमच्या व्हॅनचे ड्रायव्हर, ऑफिसात लहानमोठे सगळे त्यांना मामाच म्हणतात. ट्रेलरवर आमचं लेसरचं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर दीड मीटरच्या नळीवर वातकुक्कुट, म्हणजे आमच्या भाषेत कोंबडा. फांदी लागली, कडाड्कन आवाज झाला आणि नळीचे दोन तुकडे. मी खाली उतरून इतकी ओरडले की शेडवरची कबुतरं उडाली. मामा नळीचे तुकडे हातात धरून म्हणाले, "मॅडम, झाड मी लावलं नव्हतं." वर तोंड करून विनोद!

हा कोंबडा शोभेचा नाही. लेसर आकाशात दोनशे मीटरपर्यंत वाऱ्याचा वेग मोजतो, वारा कुठल्या रेषेत वाहतोय तेही सांगतो. पण त्या रेषेच्या या टोकाकडून येतोय की त्या, हे बिचाऱ्याला कळत नाही. ते कोंबडा सांगतो. नवी नळी ऑफिसातून यायला आठ दिवस. आठ दिवस हातावर हात ठेवून बसू? यंत्राच्या पेटीच्या मागच्या बाजूला, पेटीच्याच उंचीवर, दोन पट्ट्या आवळून मी कोंबडा बसवून टाकला. फिरवून बघितला, छान फिरतोय. वीस मिनिटांत काम फत्ते. होहोसाहेबांना (आमचे प्रमुख, प्रत्येक वाक्याला 'हो हो') कळवायचीसुद्धा गरज नाही.

काम असं आहे. उत्तरेला तीन किलोमीटरवर टेकाडाच्या माथ्यावर सत्तावीस पवनचक्क्या. दक्षिणेला ही छोटी धावपट्टी, शेतांवर औषध फवारणाऱ्या एकुलत्या एका विमानाची. अकरा आठवड्यांपूर्वी पहाटे उतरताना ते विमान एकदम खाली आपटलं. वैमानिक बाईला खरचटलंही नाही, पण तुटलेलं चाक कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या मांडीवर गेलं. बाईचं म्हणणं, पंख्यांमागून आलेल्या खवळलेल्या हवेने मला खाली दाबलं. पवनचक्क्यांच्या कंपनीचं म्हणणं, बाईचं लक्ष नव्हतं. चोवीस तारखेला सुनावणी. तिथे आमचं मोजमाप बोलणार, आणि बाईला पुन्हा उडता येणार की नाही ते ठरणार.

खोली पत्र्याच्या शेडमागे. खिडकी लागत नाही, दिव्याच्या बटणाला शॉक लागतो. धन्य आहे.

६ मार्च, गुरुवार

पहाटे पाचपासून मोजणी. धुकं इतकं की पंखे सोडाच, शेडचा कोपरा दिसत नव्हता. अपघातापासून धावपट्टी बंद असल्यामुळे वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवीही उतरवून ठेवलेली, खांबावर नुसती कडी लोंबतेय. मला काय फरक पडतो म्हणा, माझ्याकडे स्क्रीन आहे. वारा मंद, दक्षिणेकडून.

साडेसहाला एक बाई हजर. पन्नाशीच्या पुढची, आखूड केस, हातात थर्मास. "अगं, काय दिसतंय?" ओळख ना पाळख आणि पहिल्याच वाक्यात अगं! हीच ती वैमानिक, सगळे तिला कप्तानबाई म्हणतात. मी म्हटलं, मोजणी चालू असताना सांगता येत नाही. तर म्हणे, "मला सांगायची गरज नाही. मला ती हवा मांडीखाली कळते." मांडीखाली! मी सहा वर्षं शिकले आणि हिची मांडी!

मामांनी चहाचा स्टोव्ह ट्रेलरच्या दक्षिणेला आडोशाला मांडला होता. म्हटलं, मामा, वारा दक्षिणेचा आहे, तुम्ही स्टोव्ह भर वाऱ्यात ठेवलाय. म्हणाले, "विझत तर नाही." म्हटलं, तुमचं बरोबर की यंत्राचं? म्हणाले, "स्टोव्हचं." चहा मात्र चांगला झाला होता.

दुपारी सगळं पडताळून पाहिलं. धुकं गेलं, पंख्यांची तोंडं पश्चिमेला, स्क्रीनवरही पश्चिम. चोख. माझ्या कामात कुणी बोट दाखवायला जागा ठेवत नाही मी.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. माझी पोरगी तिच्याकडे आहे, गणितात नापास झाली, आणि ताईने तिला एक शब्द ऐकवला नाही म्हणे. मी फोनवरच पोरगीला झापलं. ती म्हणाली, "आई, माझी पद्धत बरोबर होती, पहिला आकडाच चुकून उलटा लिहिला." मी म्हटलं, असली कारणं मला सांगू नकोस. मग ताई फोनवर आली. "तुला कुणी चूक दाखवली की तू आधी ओरडतेस, मग बघतेस. कधीकधी बघतही नाहीस." फोन ठेवून दिला. ही मोठी न्यायाधीश लागून गेली.

११ मार्च, मंगळवार

सहा पहाटा झाल्या. त्यातल्या चार पहाटांना साठ ते एकशेवीस मीटरवर हवा भयंकर ढवळलेली, वेग निम्म्यावर. पंख्यांनी वाऱ्यातून ताकद काढून घेतल्यावर मागे उरते तशी. क्षणभर मलाही वाटलं, बाई खरं बोलतेय की काय. पण दिशा बघितली. चारही वेळा दक्षिण. दक्षिणेकडून वारा येत असेल तर तो पंख्यांकडे जातोय, पंख्यांकडून येत नाही. म्हणजे ही ढवळाढवळ दुसरीच कसली तरी, जमिनीची, झाडांची. पंखे निर्दोष.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मांडीखाली कळते म्हणे!

मामा आज पुन्हा पुटपुटले, की पहाटे व्हॅनचं मागचं दार उघडलं की धुकं आत येतं आणि पुढचं उघडलं की येत नाही. व्हॅनचं मागचं दार उत्तरेला आहे. मी म्हटलं, मामा, दारं बंद ठेवा, बॅटरी गार पडते.

१३ मार्च, गुरुवार

कडाक्याचं भांडण झालं.

कप्तानबाई थेट व्हॅनमध्ये चढली. "त्या पहाटे वारा पंख्यांकडून होता. मी वाऱ्याच्या तोंडावर, उत्तरेला नाक करून उतरत होते. लिहून घे." मी म्हटलं, इथे पहाटेचा वारा दक्षिणेचा असतो, यंत्र सांगतंय. म्हणजे तुम्ही वारा पाठीवर घेऊन उतरत होता आणि म्हणून आपटलात. ती म्हणाली, "एकोणीस वर्षं या पट्टीवर उतरतेय मी. पाठीवर वारा घेऊन उतरायला मला वेड लागलंय?" मी म्हटलं, यंत्राला तुमच्या वर्षांशी देणंघेणं नाही. ती म्हणाली, "एकदा बाहेर ये. पहाटे बाहेर ये आणि तोंडावर घे वारा. मग बोल." मी म्हटलं, माझं काम मला शिकवू नका.

मग ती शांतपणे म्हणाली, "तुला खरं शोधायचं नाहीये. तुला बरोबर ठरायचंय." आणि उतरून गेली.

तळपायाची आग मस्तकात गेली. कोण ही मला सांगणारी? अंतरिम अहवाल अठरा तारखेला द्यायचा होता. मी आत्ताच बसून लिहिला आणि संध्याकाळी पाठवला. 'ढवळलेल्या हवेचा पवनचक्क्यांशी संबंध आढळत नाही.' होहोसाहेबांचं उत्तर पाच मिनिटांत: हो हो, उत्तम, कंपनीलाही प्रत देतो. घ्या आता.

नवी नळी आज आली. कोंबडा व्यवस्थित फिरतोय, कशाला उगाच हात लावा, म्हणून ती व्हॅनमध्येच ठेवली.

१७ मार्च, सोमवार

कप्तानबाईचा परवाना सुनावणीपर्यंत रोखला. आमच्या अहवालाच्या आधारे, असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. मामांनी सांगितलं, आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला कुणी सांगितली नव्हती. मांडी मोडलेला माणूस तिचा नवरा आहे. तो खाली औषधाची पोती फोडून विमानात भरतो, ती फवारते, एकोणीस वर्षं दोघांचा हाच धंदा. आधी तो सगळ्यांना ठणकावून सांगायचा की हिची चूक नाही. अहवाल आल्यापासून तो तिच्याशी बोलत नाही.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" मी विचारलं. मामा म्हणाले, "मी दुपारी जातो त्यांच्याकडे. पत्ते खेळतो." अहवाल देणाऱ्या पथकाचा ड्रायव्हर त्यांच्या घरी जाऊन पत्ते खेळतो! मी चांगलं फैलावर घेतलं. आपण निष्पक्ष आहोत, काही कळतं का? मामा ऐकून घेऊन भांडी घासत बसले.

वाईट वाटलं का? वाटलं. पण आकडे आकडे असतात. तिला वाईट वाटू नये म्हणून मी वारा फिरवू का?

१९ मार्च, बुधवार

बाई शेडमधलं तिचं सामान न्यायला आली. हेल्मेट, एक खुर्ची, हवामानाच्या नोंदींचं एक जाडजूड रजिस्टर. मी दारातच उभी होते. ती येऊन भांडेल म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. ती एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. खुर्ची डोक्यावर घेऊन चालत गेली.

याचाही राग आला. ओरडायचं तर ओरड ना बाई.

२० मार्च, गुरुवार

नीट लिहिते.

आज फुग्यांचं काम होतं. पहाटे फुग्याला छोटी डबी बांधून सोडायचा, डबी वर जाता जाता तापमान कळवते. स्क्रीन म्हणतेय वारा दक्षिणेकडून, म्हणजे फुगा उत्तरेला, पंख्यांकडे जायला हवा. मामांनी पहिला फुगा सोडला. तो डुलत डुलत दक्षिणेला निघाला.

मी मामांवर ओरडले. हाताने ढकललात! दुसरा मी स्वतः सोडला. दक्षिणेला. म्हटलं, गॅस कमी पडला असेल. तिसऱ्यात जास्त भरला. दक्षिणेला. मी फुग्यावर ओरडले. खरंच ओरडले, "अरे कुठे चाललास!" मामा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, त्याला स्क्रीन वाचता येत नाही."

मग मी पट्टीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. सतरा दिवसांत पहिल्यांदा. पहाटे मी कायम व्हॅनच्या आत, काचा बंद, हीटर चालू. उत्तरेकडे तोंड केलं तर गालाला गार लागलं. दक्षिणेला वळले तर मान गार पडली. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ट्रेलरवर चढले. कोंबडा पेटीच्या मागे, माझ्या स्वतःच्या पेटीच्या आडोशाला, दक्षिणेला नाक करून आरामात बसलेला. उत्तरेचा मंद वारा पेटीवर आपटतो, वळसा घालून मागून उलटा येतो आणि कोंबड्याला उलटा फिरवतो. दुपारचा पश्चिमेचा वारा आडवा येतो, पेटी मध्ये येत नाही, म्हणून दुपारी सगळं चोख. आणि मी पडताळलं कधी? दुपारी! दीड मीटर वर असता तर काही झालं नसतं. नळी सात दिवस व्हॅनमध्ये पडून आहे. आठ दिवस वाट बघायला लागू नये म्हणून वीस मिनिटांत काम फत्ते!

चारही ढवळलेल्या पहाटा पंख्यांच्याच होत्या.

मामांना विचारलं, दिसत होतं तर सांगितलं का नाही? म्हणाले, "सांगितलं की. स्टोव्हचं सांगितलं, दाराचं सांगितलं. तुम्ही ओरडलात." मी ही वही उलटून बघितली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलंय. सहा तारीख, अकरा तारीख. मूर्ख, मूर्ख, मूर्ख बाई.

२१ मार्च, शुक्रवार

होहोसाहेबांना फोन. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हो हो, असं होतं. अंतिम अहवाल तीन महिन्यांनी आहे, त्यात दुरुस्त करू." मी म्हटलं, सुनावणी सोमवारी आहे. म्हणाले, "हो हो, म्हणूनच म्हणतो. आत्ता संस्थेचं नाव जायला नको. त्या पट्ट्यांचं कुठे लिहिलंय का तू?" नाही लिहिलं. "मग झालं तर. आणि अगदीच कुणी विचारलं तर नळी ड्रायव्हरने मोडली ना? मग ड्रायव्हरचं नाव दे."

मी फोनवर अशी काही बोलले की इथे लिहीत नाही.

पण इथे खोटं कशाला लिहू? फोन ठेवल्यावर अर्धा तास मी बसून विचार केला. नळी मामांनीच मोडली होती. हे खोटं तर नाही. मामा दोन वर्षांत निवृत्त होणार, त्यांना काय फरक पडतो. मी अहवालातलं वाक्यसुद्धा मनात जुळवलं. 'वाहतुकीदरम्यान झालेल्या नुकसानीमुळे.' तेवढ्यात मामांनी खिडकीतून चहाचा कप आत सरकवला आणि विचारलं, काही खाल्लं का सकाळपासून. मला स्वतःची इतकी किळस आली की कप तसाच खिडकीत परत ठेवला.

नवी नळी लावली. मामांनी शिडी धरली.

२२ मार्च, शनिवार

त्यांच्या घरी गेले. मामा म्हणाले, येऊ का? म्हटलं, नको.

कप्तानबाईने दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. मी दारातच सगळं सांगितलं. पेटी, कोंबडा, फुगे. वारा पंख्यांकडूनच असतो. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं. माझं चुकलं.

ती म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं. आत जाऊन त्याला सांग."

आतल्या खोलीत तो पलंगावर, पाय उशीवर, भिंतीकडे तोंड. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो वळला. "म्हणजे उत्तरेकडून?" मी म्हटलं, त्या दिवशी मी इथे नव्हते, त्या दिवसाची शपथ मी घेऊ शकत नाही. पण तशा पहाटांना, हो. उत्तरेकडून.

त्याने कोपरावर भार देऊन अंग वर उचललं. मग म्हणाला, "मी उत्तरेला तोंड करून पोतं फोडत होतो. भुकटी सगळी माझ्या तोंडावर उडत होती. डोळ्यात गेली. मी डोळे चोळत होतो, म्हणून विमान मला उशिरा दिसलं." मी विचारलं, हे तुम्ही कुणालाच का सांगितलं नाही? "सगळ्यांना सांगायचो. मग तुमचा कागद आला. त्यात दक्षिण लिहिलेलं. दवाखान्यात डोक्याला मार बसलाय म्हणाले होते, मला वाटलं मीच विसरलो असेन. मग मला वाटलं, मी विसरलो तर ही खोटं बोलतेय."

मी तिथून कशी बाहेर पडले ते आठवत नाही. माझ्या कागदाने त्या माणसाच्या डोळ्यातली भुकटी पुसून टाकली होती.

२४ मार्च, सोमवार

सुनावणी. लांबट खोली, पिवळ्या भिंती, भिंतीवरचं बंद घड्याळ. होहोसाहेब पहिल्या रांगेत, माझ्याकडे न बघता.

मी उभी राहिले आणि सांगितलं. अंतरिम अहवाल चूक आहे, कोंबडा मी चुकीच्या जागी बसवला, पट्ट्या मी आवळल्या, नवी नळी आल्यावरही मी ती लावली नाही. कंपनीचे वकील हसत उठले. "मुळात नळी कुणी मोडली?" मी म्हटलं, नळी झाडाने मोडली. कोंबडा मी खाली बसवला. "म्हणजे अकरा दिवसांपूर्वी तुम्ही शंभर टक्के खात्रीने एक सांगितलंत आणि आज शंभर टक्के खात्रीने उलट सांगताय. आजचं तरी कशावरून खरं?" लोक हसले. मला ओरडावंसं वाटलं आणि ओरडायला काही नव्हतं, कारण तो हरामखोर बरोबर बोलत होता.

मग नवऱ्याची साक्ष. कुबड्या टेकत आला आणि भुकटीचं सांगितलं. वकिलांनी विचारलं, हे इतके दिवस का लपवलं? तो म्हणाला, लपवलं नाही, माझ्यावरचाच विश्वास उडाला होता.

निकाल: अंतरिम अहवाल रद्द, त्यावरून रोखलेला परवाना परत. पण अपघाताचा दोष कुणाचा ते आज ठरणार नाही. दुसऱ्या संस्थेने नव्याने मोजायचं. तोवर पट्टी बंद. म्हणजे बाईकडे परवाना आहे आणि उतरायला जागा नाही. या हंगामाचं उडणं गेलं. मी तेरा तारखेला व्हॅनमधून खाली उतरले असते तर आज दोष ठरला असता.

होहोसाहेबांनी बाहेर येऊन मला कामावरून काढल्याचं सांगितलं. हो हो न म्हणता सांगितलं.

कप्तानबाई समोरून आली. मी म्हटलं, मला माफ करा. "नाही करणार," ती म्हणाली. "नवीन लोक येतील तेव्हा तू तिथे दिसू नकोस." म्हटलं, नाही दिसणार.

ती नवऱ्याला धरून जिना उतरायला लागली. एक पायरी, कुबडी, दुसरी पायरी. अर्ध्यावर ती थांबली आणि त्याच्यावर अशी कडाडली की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यापाशी गोळा झाली. दहा दिवसांचं साठलेलं होतं सगळं.

"तुझ्या डोळ्यात गेली होती ना भुकटी? तुझ्या स्वतःच्या डोळ्यात! मी रोज रात्री शेजारी पडून सांगत होते, वारा समोरून होता, समोरून होता. एकोणीस वर्षं मी तुला कधी खोटं सांगितलं? आणि तू त्या पोरीच्या कागदावर विश्वास ठेवलास? का? सांग ना, का?"

त्याने कुबडी खालच्या पायरीवर टेकली. मग म्हणाला, "मला वाटलं, त्यांनी बाहेर उभं राहून बघितलं असेल."

तिने वर माझ्याकडे बघितलं. त्यानेही बघितलं. मी वरच्या पायरीवर उभी होते, आणि ते दोघं मी काही बोलते का याची वाट बघत होते.